गिऱ्हाइकाच्या तोंडी बसणारं नाव

अमृतधारा नावाचं एक औषध उत्तर हिंदुस्थानात फार खपायचं. डोकेदुखीपासून पोटाच्या तक्रारींपर्यंत सगळ्यावर एकच छोटी बाटली. लाहोरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालेला हा धंदा. पुढे कानपूरच्या एका व्यावसायिकाने त्याच तक्रारींवरचं औषध ‘लक्ष्मणधारा’ या नावाने बाजारात आणलं आणि १९५० मध्ये त्या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेलं. तिथे असं ठरलं की एक म्हणजे अमृताची धारा आणि दुसरी म्हणजे लक्ष्मणाची धारा. अर्थ इतके वेगळे असताना घोटाळा होईलच कसा?

१९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: दुकानात आलेला साधा माणूस, खेड्यातला असो की शहरातला, नावाची फोड करून त्यातल्या प्रत्येक पदाचा अर्थ लावत बसत नाही. मागे कधीतरी घेतलेल्या औषधाचं नाव त्याला अर्धवट आठवत असतं. त्या आठवणीत नावाचा एकूण नाद आणि घडण उरलेली असते. त्या कसोटीवर दोन्ही नावं एकमेकांत मिसळण्याइतकी जवळची होती. तरीही लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. कारण तिथे ती कित्येक वर्षं उघडपणे विकली जात असताना अमृतधारावाले गप्प राहिले होते.

धंद्याला नाव शोधायला निघालेल्या प्रत्येकाने हा निकाल समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. नाव ठेवणारा माणूस अर्थात गुंततो. संस्कृत शब्दकोश काढतो, आद्याक्षरं जुळवतो, नावामागची कल्पना चारचौघांना समजावून सांगतो. गिऱ्हाइकाला यातलं काहीच ऐकायला मिळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त आवाज, आणि आठवड्याभराने त्या आवाजाचा जो काही भाग शिल्लक राहील तो. म्हणून नावाला दोनच गोष्टी जमायला हव्यात. अर्धवट आठवलं तरी ते ओळखू यावं, आणि अर्धवट आठवलं तरी शेजाऱ्याच्या नावात मिसळू नये.

दुसरी गोष्ट आपल्याकडे फार दुर्लक्षिली जाते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात बाजारपेठेच्या रस्त्याने पाट्या वाचत चाला. श्री समर्थ, साई, माउली, ओम, गणेश, पुन्हा श्री गणेश, न्यू गणेश. प्रत्येक नावामागे खरी श्रद्धा आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नाव म्हणून त्याचं काम होत नाही. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की एकसारख्या गोष्टींच्या यादीत एखादीच वेगळी असेल, तर नंतर तीच सर्वांत चांगली आठवते. पाट्यांच्या त्या रस्त्यावर ‘श्री गणेश ट्रेडर्स’ ही यादीतली एकसारखी गोष्ट ठरते. कुलदैवताचा आशीर्वाद हवाच असेल तर तसबीर गल्ल्यामागे लावावी, वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहावा. पाटीवरची जागा मोलाची असते.

दुसरा मोह वर्णनाचा. तेल शुद्ध आहे म्हणून ‘शुद्ध’, लोणचं घरगुती आहे म्हणून ‘घरगुती चव’, दूध ताजं आहे म्हणून ‘ताजा’. असं नाव पहिल्या दिवशी फार सोयीचं वाटतं, कारण काहीच समजावून सांगावं लागत नाही. अडचण पुढे येते. शेजारचा दुकानदारही आपलं तेल शुद्धच आहे असं म्हणणार आणि त्याला ते म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचं नववं कलम हेच सांगतं. मालाचा प्रकार, गुण, प्रमाण, उपयोग किंवा मूळ ठिकाण एवढंच सांगणारा शब्द एकट्याच्या मालकीचा होऊ शकत नाही. अपवाद एवढाच, की वर्षानुवर्षांच्या वापराने तो शब्द लोकांच्या मनात एकाच धंद्याशी जोडला गेलेला असावा. तशी ओळख तयार व्हायला काळ आणि पैसा लागतो, आणि नव्या धंद्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी कमी असतात.

पार्ल्याच्या बिस्किटांचा अनुभव इथे पाहण्यासारखा आहे. मुंबईत विलेपार्ल्याला १९२९ मध्ये कारखाना सुरू झाला. १९३९ पासून तिथे बिस्किटं होऊ लागली आणि त्यांचं नाव होतं पार्ले ग्लुको. नावातला एक शब्द गावाचा आणि दुसरा पदार्थातल्या घटकाचा. पुढे ग्लुकोज बिस्किटं काढणारे अनेक झाले आणि दुकानात गिऱ्हाईक नुसतं ‘ग्लुकोज बिस्किट’ मागू लागलं. मग दुकानदार हाताला येईल तो पुडा देणार. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नाव बदलून पार्ले-जी झालं. ग्लुकोज हा सगळ्यांचा शब्द आकसून एका अक्षरावर आला आणि पार्ले पुढे राहिलं. ‘पार्ले-जी’ म्हणून पाहा. तीन ठोके, शेवटचा लांब. हिंदी कानाला त्यात आदराचा ‘जी’ही ऐकू येतो. उपनगराचं नाव देशभर बिस्किटाचं नाव झालं. विलेपार्ले कुठे आहे हे ठाऊक नसलेली माणसंही ते रोज घेतात.

ग्लुकोज या शब्दावरून न्यायालयातही झगडा झाला होता. ‘ग्लुकोव्हिटा’ ही ग्लुकोजची पावडर आधीपासून बाजारात होती. ‘ग्लुव्हिटा’ नावाची बिस्किटं आली तेव्हा हरकत घेतली गेली. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की एक पावडर आणि दुसरं बिस्किट असलं तरी बिस्किटात ग्लुकोज घालतात हे लोकांना माहीत असतं, त्यामुळे दोन्ही माल एकाच घरचे असल्याचा समज होईल. मधलं एक अक्षर गाळून वेगळेपण येत नाही. आजही अनेकजण एखाद्या चालत्या नावातली एक वेलांटी बदलून आपलं नवं नाव तयार करतात. असं नाव खपलं तर नोटीस येते आणि न खपलं तर त्याचा उपयोग नाही. दोन्हीकडून तोटाच.

आता आडनावं. मराठी धंद्याची ही सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक रीत. किर्लोस्कर, चितळे, बेडेकर, गाडगीळ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केले, १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. नांगर मोडला तर कुणाच्या दारात जायचं हे शेतकऱ्याला नावावरूनच कळत होतं. आडनाव लावणं म्हणजे स्वतःला जामीन ठेवणं. म्हणूनच खाण्याचे पदार्थ, सोनं आणि यंत्रं या तीन धंद्यांत, जिथे विश्वास सर्वांत आधी लागतो तिथे, आडनावं टिकली.

पण आडनाव हे घरातल्या सगळ्यांचं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत वाटण्या झाल्या की एकाच नावाच्या दोन-तीन पेढ्या उभ्या राहतात. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी पुण्यात का लावावी लागली असेल याचा विचार केला तर त्यामागे हीच गोष्ट दिसते. कायदाही इथे जरा सैल आहे. व्यापारचिन्ह कायद्याच्या पस्तिसाव्या कलमानुसार माणसाला स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायला मनाई करता येत नाही. मात्र ही मोकळीक अमर्याद नाही. ‘महेंद्र अँड महेंद्र’ नावाच्या पेपर मिलविरुद्ध महिंद्रा अँड महिंद्रा कंपनी न्यायालयात गेली तेव्हा २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिंद्रांना मिळालेला अंतरिम मनाई हुकूम कायम ठेवला. नाव आपलं असलं तरी ते कसं मांडलं जातं आणि ऐकणाऱ्याला कोण आठवतं, हे पाहिलं जातं. आडनाव साधं आणि सर्रास असेल, म्हणजे पाटील, जाधव, शिंदे, तर त्याला एखादा वेगळा शब्द जोडल्याशिवाय वापरू नये.

आडनाव असूनही ते बाजूला ठेवणारे मराठी उद्योजक मला अधिक विचार करायला लावतात. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पहिली खूण होती घोडा छाप. अक्षरओळख कमी असलेल्या त्या काळात छापाला फार महत्त्व होतं. चित्र दाखवून, चित्राचं नाव घेऊन माल मागता यायचा. गाय छाप, माकड छाप ही सगळी नावं त्याच जातकुळीतली. त्यानंतर दांडेकरांची फाउंटनपेनची शाई आली ती उंटाच्या खुणेने, कॅमल इंक. कॅमल आणि इंक हे दोन शब्द एकमेकांत गुंतवून कॅमलिन झालं.

या नावाकडे जरा जवळून पाहू. ‘कॅम्-लिन’, दोनच ठोके. सुरुवातीला ‘क’ हा कडक वर्ण, शेवटी ‘न’ हा मिटत जाणारा. कुठल्याही शब्दकोशात तो शब्द नाही, म्हणून दुसऱ्या कुणाचा त्यावर दावा नाही. पण ऐकल्यावर तो परकाही वाटत नाही, आणि बाटलीवर उंट असल्यामुळे शाळकरी पोराच्या डोळ्यांपुढे लगेच चित्र उभं राहतं. नावात शाई लपलेली आहे हे कळलं नाही तरी काही बिघडत नाही. शाईपुरतं बांधलेलं नसल्यामुळे ते कंपासपेटी, रंग, खडू, पेन्सिल सगळ्यांवर शोभलं. ‘दांडेकर शाई’ असं नाव असतं तर जलरंगाची पेटी विकताना अडखळायला झालं असतं. २०११ मध्ये कोकुयो या जपानी कंपनीने यात मोठा हिस्सा घेतला, तेव्हाही कंपनीच्या नावात कॅमलिन राहिलंच.

केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कंपनीचं पूर्ण नाव विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. त्याची आद्याक्षरं जोडून विको. आणंद मिल्क युनियन लिमिटेडची आद्याक्षरं जोडून अमूल, आणि तिथे तर संस्कृतातला अमूल्य शब्दही बोनस म्हणून मिळाला. ही दोन उदाहरणं पाहून अनेकजण तीन भागीदारांच्या नावांची अक्षरं उचलतात आणि ‘एसआरके एंटरप्रायझेस’ करून मोकळे होतात. विको आणि अमूल चालले कारण ती अक्षरं मिळून एक शब्द झाला, जो एका दमात म्हणता येतो. अक्षरं सुटी सुटीच म्हणावी लागत असतील तर ती कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. त्यांचा क्रमही लोक चुकवतात.

मला सर्वांत सुरेख वाटणारं मराठी नाव मात्र भांडी घासायच्या पावडरीचं आहे. पितांबरी. पितळ आणि तांबं, दोन्हींची पहिली अक्षरं त्यात ऐकू येतात. पितांबर म्हटलं की देवाचं पिवळं रेशमी वस्त्र डोळ्यांपुढे येतं, आणि घासून लखलखीत झालेल्या पितळेचा रंगही तोच. शेवटची दीर्घ ‘री’ बाईच्या नावासारखी, त्यामुळे घरात ती सहज ‘ती पितांबरी’ होते. मराठीत प्रत्येक नाम तो, ती किंवा ते असतं. गिऱ्हाईक आपल्या नावाला कुठलं लिंग देईल हे नाव ठरवताना एकदा बोलून पाहावं. ज्या नावाला लिंग देताना जीभ अडखळते, ते वाक्यात बसत नाही. पितांबरी या नावाने काय विकलं जातं हे थेट सांगितलेलं नाही, पण एकदा कळलं की ते विसरता येत नाही. वर्णन आणि सूचन यांतला फरक इथे दिसतो. सूचक नावाला कायदाही संरक्षण देतो.

नादाविषयी थोडं सांगायला हवं. वोल्फगांग कोलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये एक टोकदार आणि एक गोलसर आकृती दाखवून विचारलं होतं की अर्थ नसलेल्या दोन शब्दांपैकी कुठला कुणाचा. ‘टकेटे’ हा शब्द लोकांनी टोकदार आकृतीला दिला. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी ‘बूबा’ आणि ‘किकी’ हे शब्द घेऊन तसाच प्रयोग मांडला. इंग्रजी बोलणारे असोत की तमिळ, बहुतेक सगळ्यांनी किकी टोकदार आणि बूबा गोल ठरवला. म्हणजे ट, क, त यांसारखे वर्ण धारदार वाटतात आणि ल, म, ब मऊ. सुरीला, कुलपाला, पंपाला जे नाव शोभेल ते बाळाच्या दुपट्याला शोभणार नाही. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये आपल्या कॅमेऱ्याला कोडॅक हे नाव घडवलं तेव्हा ‘के’ हे अक्षर त्याला ठाशीव वाटत होतं, म्हणून नावाची सुरुवात आणि शेवट त्यानेच केला. शब्दाला अर्थ काहीच नव्हता आणि त्याला तेच हवं होतं.

उच्चाराचा सोपेपणाही मोजण्यात आला आहे. अ‍ॅडम ऑल्टर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शेअर बाजारात नव्याने आलेल्या ज्या कंपन्यांची नावं उच्चारायला सोपी होती त्यांच्या शेअरांनी सुरुवातीच्या काळात अवघड नावांच्या कंपन्यांपेक्षा बरी कामगिरी केली. हा फरक पुढे ओसरत गेला. पण नव्या धंद्याला सुरुवातीचाच काळ जड जातो.

मराठी माणसासाठी यात एक खास अडचण आहे, ती म्हणजे ‘ळ’. आपल्या कानाला हा वर्ण फार गोड, पण रोमन लिपीत तो ‘ल’सारखाच लिहिला जातो आणि महाराष्ट्राबाहेरचा माणूस ‘चितळे’ला ‘चिताले’ करतो. ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन दोन उच्चारही असेच बाहेरच्यांना कळत नाहीत. माल कोल्हापूर-सांगलीतच विकायचा असेल तर ‘ळ’ खुशाल घ्यावा, त्याने नावाला मातीचा वास येतो. इंदूर, हैदराबाद, सुरतला जायचं असेल तर दोनदा विचार करावा.

उलट दिशेची अडचण इंग्रजी वळणाच्या नावांची. क्वालिटीतला ‘क्यू’ काढून ‘के’ घालायचा, एक्स्ट्रामधला ‘ई’ गाळायचा, फ्रेशचं स्पेलिंग मोडायचं आणि नाव वेगळं झालं म्हणायचं, ही पद्धत फार फोफावली आहे. देवनागरीत लिहिल्याबरोबर हे सगळं वेगळेपण नाहीसं होतं. उरतं साधं क्वालिटी, साधं फ्रेश. आणि महाराष्ट्रात देवनागरी टाळता येत नाही. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असायलाच हवी आणि ही अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. व्यापाऱ्यांनी याविरुद्ध दाद मागितली तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितलं. मला ही नाव पारखण्याची उत्तम संधी वाटते. नाव आधी देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून पाहावं. तिथे ते वेगळं आणि देखणं दिसलं तर रोमनमध्ये दिसेलच.

त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे. जिथे मद्य विकलं किंवा दिलं जातं त्या आस्थापनेला थोर पुरुषांचं, थोर स्त्रियांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही. कायद्याने बंदी नसलेल्या धंद्यांनीही इथे सावध राहावं. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची संभाजी बिडी अनेक दशकं चालत होती. शिवप्रेमी संघटनांच्या मागणीनंतर २०२० मध्ये कंपनीने नाव बदलण्याचं जाहीर केलं आणि ती साबळे बिडी झाली. ज्या नावावर सगळ्या समाजाचं प्रेम आहे ते एका पाकिटावर छापताना आपण ते उसनं घेतलेलं असतं. गावांच्या नावांचंही काहीसं तसंच. कोल्हापुरी चप्पल, नागपूरची संत्री यांना भौगोलिक मानांकन आहे, ती नावं तिथल्या सगळ्या कारागिरांची आणि शेतकऱ्यांची आहेत.

नाव फार यशस्वी झालं तरी एक धोका असतो. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला. दादा नावाच्या कंपनीच्या नावात लिव्हर कंपनीने आपलं ‘ल’ अक्षर घातलं आणि हा शब्द झाला अशी त्याची हकिकत सांगितली जाते. आपल्या घरांत कुठलंही वनस्पती तूप डालडाच झालं. झेरॉक्सचं त्याहून पुढे गेलं. तहसील कचेरीबाहेरच्या टपरीवर कुठल्याही कंपनीचं यंत्र असो, पाटी झेरॉक्सचीच. म्हणून आपल्या नावापुढे मालाचं सर्वसाधारण नाव कायम लिहावं. अमुक मसाला, अमुक पंप. नाव एकटं सोडू नये.

दोन-तीन नावं हाताशी आली की ती माणसांवर वापरून पाहावीत. कुणाला तरी फोनवर नाव एकदाच सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. काय लिहून येतं ते पाहा. चार दिवसांनी त्यालाच विचारा, नाव काय होतं? जे आठवेल तेवढंच तुमचं नाव. किराणा दुकानासमोर उभं राहून ‘एक अमुक द्या’ हे वाक्य मोठ्याने म्हणा. म्हणताना लाज वाटली, लांबलं, किंवा दुकानदाराने ‘काय?’ म्हणून विचारलं, तर नाव बदलायला अजून उशीर झालेला नाही.

यानंतर नोंदणी. गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक, इतकंच काय कंपनीची नोंदणी, यांतल्या कशानेही नावावर मालकी येत नाही. हा गैरसमज फार महागात पडतो. मालकी भक्कम होते ती व्यापारचिन्ह नोंदणीने. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. आपला वर्ग शोधून व्यापारचिन्ह कार्यालयाच्या संकेतस्थळावर आधीची नावं फुकट तपासता येतात. तिथे लिहिण्यावरून शोधावं आणि उच्चारावरूनही शोधावं. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचं शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. तपासणीत अर्ज स्वीकारला गेला की तो जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी दहा वर्षांची, नूतनीकरण कितीही वेळा. नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लिहायला हरकत नाही. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावणं कायद्याविरुद्ध आहे.

एवढं करूनही एक शक्यता उरते. व्यापारचिन्ह कायद्याच्या चौतिसाव्या कलमाप्रमाणे, कुणी नोंदणी न करता पण तुमच्या आधीपासून ते नाव सलग वापरत असेल तर त्याचा हक्क तुमच्या नोंदणीने जात नाही. असा माणूस संगणकावर सापडत नाही. तो एखाद्या जिल्ह्यात शांतपणे पापड विकत असतो. म्हणून अर्ज भरण्याआधी आपल्या धंद्यातल्या दोन-तीन जुन्या वितरकांकडे जावं, त्यांना नुसतं नाव सांगावं आणि ते ऐकून त्यांना आणखी कुणाचा माल आठवतो ते विचारून वहीत लिहून घ्यावं.